ॲपमधून एमपीथ्री बनवायची तर: लेम लायब्ररी आणि तिच्याशी जुळवून घेणं

एक मिनिटाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग सीडीच्या दर्जाने साठवायचं तर साधारण साडेदहा मेगाबाइट जागा लागते. हिशेब सरळ आहे: सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (म्हणजे आवाजाची एकेक क्षणाची मोजणी), दर सॅम्पलला दोन बाइट, आणि डावं-उजवं मिळून दोन चॅनल. तेच मिनिट १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) एमपीथ्रीत एक मेगाबाइटच्याही आत बसतं. म्हणजे मूळ माहितीतला जेमतेम अकरावा हिस्सा उरतो, आणि तरी बहुतेकांना ऐकताना फारसा फरक जाणवत नाही.

हे काम कोणी स्वतः कोड लिहून करत नाही, करूही नये. त्यासाठी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला वापरायला तयार कोड, असते, आणि एमपीथ्रीच्या बाबतीत ती बहुधा लेम असते. लायब्ररी प्रोजेक्टमध्ये जोडायची, चार-पाच फंक्शनं बोलवायची, फाइल तयार, असं वरवर दिसतं. मग तक्रारी येतात. फाइलची लांबी चुकीची दाखवते, शेवटचा शब्द अर्धाच ऐकू येतो, सुरुवातीला टक् असा आवाज येतो, गाण्याच्या नावाच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. यातली जवळजवळ कुठलीच तक्रार आवाजाच्या अवघड गणितातून आलेली नसते. ते गणित लेम उत्तम करते. बिघाड होतो तो आपला प्रोग्राम आणि लायब्ररी जिथे एकमेकांना भेटतात त्या सांध्यावर, आणि हा लेख मुख्यतः त्या सांध्याबद्दल आहे.

आधी लायब्ररीची थोडी ओळख. १९९८ मध्ये माइक चेंग यांनी एमपीथ्रीच्या मानकासोबत मिळणाऱ्या नमुना कोडमध्ये सुधारणा करायला घेतल्या, तिथून लेम सुरू झाली. पुढे मार्क टेलर यांनी सूत्रं हाती घेतली, आणि २००० च्या मे महिन्यापर्यंत त्या जुन्या नमुना कोडचा उरलासुरला भागही बदलून झाला. तेव्हा एमपीथ्रीवर पेटंट होती. त्यामुळे अनेक प्रोग्राम लेम सोबत देत नसत. ती तुम्ही वेगळी उतरवून घ्यायची. एमपीथ्रीच्या पेटंटचे परवाने देणाऱ्या फ्राउनहोफर संस्थेने २३ एप्रिल २०१७ ला आपला परवाना कार्यक्रम बंद केला आणि ती अडचण संपली. ऑडॅसिटी या ऑडिओ संपादनाच्या प्रोग्राममध्ये २०१९ पासून लेम आतच येते. लेमचा परवाना एलजीपीएल या नावाचा, खुल्या कोडचा आहे. साध्या शब्दांत: तुमचं ॲप बंदिस्त असलं तरी चालतं, पण लेम वेगळी, बदलता येईल अशी जोडलेली असावी, आणि तिच्या कोडमध्ये काही बदल केले असतील तर ते खुले करावे लागतात. व्यावसायिक ॲप असेल तर हे सुरुवातीलाच पाहून घ्या.

आजही लेमची गरज कुणाला पडते? अँड्रॉइडवर काम करणाऱ्यांना तर पडतेच. अँड्रॉइडमध्ये एमपीथ्री वाजवायची सोय आहे, बनवायची नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये एमपीथ्री हवी असेल तर बहुतेक जण लेमचा सी कोड स्वतः बांधून ॲपमध्ये घेतात.

आता एन्कोडर, म्हणजे लेमसारखा आवाज आटवून एमपीथ्रीत बदलणारा भाग, नेमकं काय टाकून देतो ते पाहू, कारण पुढच्या सेटिंगा त्याशिवाय कळत नाहीत. कान सगळं ऐकत नाही. एखाद्या पट्टीत मोठा आवाज चालू असेल तर त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज त्याखाली झाकला जातो. मोठ्या आवाजानंतर थोडा वेळ, आणि त्याच्या अगदी किंचित आधीसुद्धा, बारीक आवाज ऐकू येत नाहीत. एन्कोडर आवाजाचे छोटे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यात कुठल्या पट्टीत किती आवाज आहे ते मोजतो, आणि जे झाकलं जाणार आहे ते ढोबळ आकड्यांत लिहितो. ढोबळ लिहिलं की चूक होते, आणि ती चूक म्हणजेच खरखर. ही खरखर झाकलेल्या जागेतच राहावी, ही सगळी कसरत असते.

ही कसरत कुठे अवघड होते ते टाळ ऐकून कळतं. भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ एकदम वाजतो: क्षणभर शांतता आणि लगेच धारदार ठोका. एमपीथ्रीच्या लांब तुकड्याचा पल्ला ४४,१०० च्या दराने सुमारे २६ मिलिसेकंदांचा असतो. ढोबळपणातून आलेली खरखर त्या सगळ्या पल्ल्यात पसरते, ठोक्याच्या आधीच्या शांततेतसुद्धा. ठोक्यानंतरची खरखर ठोका झाकतो. आधीची झाकायला काहीच नसतं, म्हणून टाळाच्या अगदी आधी एक हलकं ‘फस्स’ ऐकू येतं. यावर उपाय एमपीथ्रीतच आहे: अचानक ठोका येतोय असं दिसलं की एन्कोडर ५७६ आकड्यांच्या लांब तुकड्याऐवजी १९२ आकड्यांचे तीन छोटे तुकडे करतो, म्हणजे खरखर ठोक्याजवळच अडून राहते. छोट्या तुकड्यांना बिट जास्त लागतात. बिटरेट, म्हणजे सेकंदाला वापरायचे बिट, कमी ठेवला असेल तर तेवढे बिट हाताशी नसतात, आणि टाळ-झांजा सगळ्यांत आधी बिघडतात. कुठलीही सेटिंग तपासायची असेल तर संथ आलाप लावून पाहू नका. टाळ, चिपळ्या, टाळ्यांचा कडकडाट लावा.

बाकी बिटरेटच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. ठरावीक बिटरेटची गरज नसेल तर बदलता बिटरेट वापरा. लेममध्ये त्याचे दर्जे ० ते ९ असे असतात, ० सर्वांत चांगला. दर्जा २ ला संगीत सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास जातं आणि बहुतेक कानांना मूळ रेकॉर्डिंगपासून वेगळं ओळखता येत नाही. नुसतं बोलणं असेल, व्याख्यान किंवा मुलाखत, तर मोनो ६४ केबीपीएस पुरतो. तासाचं रेकॉर्डिंग २९ मेगाबाइटच्या आत बसतं. एका माइकवरचं बोलणं स्टिरिओत साठवणं हा बिटांचा अपव्यय आहे. आणि दोन्ही टोकांना तुमचंच ॲप असेल, फाइल इतर कुठे वाजवायचीच नसेल, तर एमपीथ्रीचा आग्रह सोडून ओपस हा आवाज आटवून साठवायचा दुसरा प्रकार घ्या. ते २०१२ मध्ये मानक झालं आणि बोलण्यासाठी कमी बिटरेटवर एमपीथ्रीपेक्षा कितीतरी सरस आहे. एमपीथ्रीचं बळ एवढंच, पण ते मोठं आहे: जुन्या कार स्टिरिओपासून देवळातल्या पेन ड्राइव्हच्या स्पीकरपर्यंत ती सगळीकडे वाजते.

आता प्रत्यक्ष कोड. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. हेडर फाइलमध्ये ती याच उच्चाराने सापडतील.

क्रम असा: ‘लेम_इनिट’ने एक एन्कोडर तयार होतो. मग त्याला सॅम्पल रेट, चॅनल, बिटरेट किंवा दर्जा सांगायचा. सगळं सांगून झालं की ‘लेम_इनिट_पॅरम्स’. हे बोलावून झाल्यावर नव्याने दिलेल्या सेटिंगा लागू होतील यावर विसंबू नका. लेम आपले सगळे निर्णय इथेच घेते. या फंक्शनचं उत्तर ऋण आलं तर सेटिंगा जुळत नाहीत असा अर्थ, आणि तिथेच थांबायचं. पुढे ‘लेम_एन्कोड_बफर’ला सॅम्पल देत राहायचं, ते जे बाइट देईल ते फाइलमध्ये लिहायचे. शेवटी ‘लेम_एन्कोड_फ्लश’ आणि ‘लेम_क्लोज’. एका रेकॉर्डिंगला एक एन्कोडर. दोन थ्रेडमधून एकच एन्कोडर वापरायचा नाही.

यातलं कळीचं म्हणजे एन्कोड बफरचं वागणं. एमपीथ्रीची एक फ्रेम १,१५२ सॅम्पलची असते (२४ किलोहर्ट्झ आणि त्याखालच्या दरांना ५७६). मापट्याने धान्य मोजणाऱ्यासारखं हे काम आहे: तुम्ही पोत्यातून कितीही ओता, ४०० सॅम्पल किंवा ५,०००, लेम भरलेलं मापटंच पुढे देते आणि उरलेलं आपल्याकडे ठेवते. म्हणून सुरुवातीला हे फंक्शन शून्य बाइट परत देतं. शून्य ही चूक नाही. ‘शून्य आलं म्हणजे काहीतरी बिघडलं’ असं समजून लूप तोडणारा कोड मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. चूक असेल तेव्हा उत्तर ऋण येतं: उणे एक म्हणजे तुम्ही दिलेला बफर (तयार बाइट ठेवायची जागा) छोटा पडला, उणे दोन म्हणजे मेमरी मिळाली नाही, उणे तीन म्हणजे इनिट पॅरम्स बोलवायचंच राहिलं.

आणि शेवटी जे अर्धवट उरतं ते फ्लश केल्याशिवाय बाहेर येत नाही. शेवटचा शब्द कापला जाण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं. रेकॉर्डिंग थांबवताना फाइल बंद होते, पण फ्लश राहून जातं. किंवा फ्लश बोलावलं जातं, पण त्याने दिलेले बाइट कुणी फाइलमध्ये लिहीत नाही. वापरणाऱ्याने मध्येच ॲप बंद केलं, फोन आला, त्या वाटांवरही फ्लश होतं का ते पाहा. नेहमीच्या वाटेवर सगळे पाहतात, या वाटांवर कोणी पाहत नाही.

बफर किती मोठा ठेवायचा याचा नियम लेमच्या दस्तावेजात दिलेला आहे: सॅम्पलच्या संख्येची सव्वापट अधिक ७,२०० बाइट. ११५२ सॅम्पल देणार असाल तर ८,६४० बाइट. फ्लशसाठी किमान ७,२०० ठेवा. बफरच्या आकाराच्या जागी शून्य दिलं तर लेम आकार तपासतच नाही, तुमच्यावर विश्वास ठेवते. तो विश्वास कधीही वापरू नका. छोट्या बफरपलीकडे लिहिलं गेलं की प्रोग्राम कुठेतरी भलत्याच जागी कोसळतो आणि कारण शोधण्यात दिवस जातात.

सॅम्पलची संख्या देताना आणखी एक खड्डा आहे. डावं-उजवं, डावं-उजवं असं एकाआड एक लावलेलं स्टिरिओ देण्यासाठी वेगळं ‘इंटरलीव्ह्ड’ फंक्शन आहे. त्याला संख्या द्यायची ती एका चॅनलची. ॲरेमध्ये २,३०४ आकडे असतील तर सांगायचं १,१५२. एकूण आकडा दिला की लेम ॲरेच्या दुप्पट वाचत जाते: नशीब चांगलं असेल तर प्रोग्राम लगेच कोसळतो, वाईट असेल तर रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून कर्कश आवाज मिसळतात.

दशांश आकड्यांत सॅम्पल असतील तर जास्तच सांभाळा, कारण तिथे फंक्शनं दोन आहेत. हल्ली बहुतेक ऑडिओ प्रणाली सॅम्पल उणे एक ते एक या पट्ट्यात देतात. त्यासाठी ‘लेम_एन्कोड_बफर_आयईईई_फ्लोट’ आहे. ‘लेम_एन्कोड_बफर_फ्लोट’ नावाचं दुसरं फंक्शन उणे ३२,७६८ ते ३२,७६८ हा पट्टा धरून चालतं. नाव छोटं म्हणून कोणी ते उचललं, तर फाइल तयार होते, लांबीही बरोबर दिसते, चूकही येत नाही, पण आवाज सुमारे ९० डेसिबलने खाली गेलेला असतो. म्हणजे शांतता. मग लोक माइकची परवानगी तपासतात, फोन बदलून पाहतात. दोष मात्र एका शब्दाचा असतो.

वेव्ह फाइलवरून एमपीथ्री करत असाल तर सुरुवातीचं हेडर वगळा. ते ४४ बाइटचं असतं असं अनेक जण गृहीत धरतात, पण तिथे शीर्षक किंवा इतर माहिती असेल तर ते लांब होतं. डेटाचा भाग कुठे सुरू होतो हे वाचूनच पुढे जा. हेडरचे बाइट आवाज समजून लेमला दिले की फाइलच्या सुरुवातीला तो टक् आवाज येतो.

आता लांबी चुकीची दिसण्याचं कोडं. बदलत्या बिटरेटमध्ये नुसत्या फाइलच्या आकारावरून कालावधी कळत नाही. म्हणून लेम पहिली फ्रेम राखीव ठेवते आणि त्यात एकूण फ्रेम किती, कुठल्या टक्क्याला फाइलमध्ये कुठे पोचायचं, अशी माहिती भरते. पण ही माहिती सगळं संपल्यावरच कळते. त्यामुळे फ्लश झाल्यावर फाइलच्या सुरुवातीला परत जाऊन ती फ्रेम भरायची असते. ‘लेम_एमपीथ्री_टॅग्ज_एफआयडी’ हे काम करतं. फाइल लिहिण्यासोबत वाचण्यासाठीही उघडलेली हवी. हे राहिलं तर फाइल वाजते, पण प्लेअर तीन मिनिटांच्या गाण्याला सात मिनिटं म्हणू शकतो आणि पट्टी ओढून पुढे गेलं की भलतीकडेच उडी मारतो. थेट प्रक्षेपण करत असाल तर मागे जाताच येत नाही, तेव्हा ही राखीव फ्रेम सुरुवातीलाच बंद करून टाकावी.

याच फ्रेममध्ये आणखी दोन आकडे असतात आणि मला ते या सगळ्या रचनेतले सगळ्यांत सुंदर वाटतात. एन्कोडर आवाज थोडा उशिरा बाहेर देतो. लेमचा उशीर ५७६ सॅम्पलचा. वाजवताना फाइल उलगडणाऱ्या डिकोडरचा स्वतःचा ५२९. दोन्ही मिळून ४४,१०० च्या दराने २५ मिलिसेकंद होतात. शिवाय शेवटची फ्रेम भरण्यासाठी मागे शांतता जोडलेली असते. सुरुवातीला किती आणि शेवटी किती टाकून द्यायचं हे लेम लिहून ठेवते. समजूतदार प्लेअर ते वाचतो, आणि एकातून एक निघणारे दोन भाग मध्ये खंड न पडता वाजतात. एकच मैफल दोन फाइलींमध्ये विभागली असेल तर तबल्याचा ठेका तुटू नये यासाठी हे आकडे जपायला हवेत.

मैफल कापायची म्हणून एमपीथ्री मधूनच फ्रेमच्या सीमेवर तोडणं मात्र दिसतं तेवढं निर्धोक नाही. सोप्या जागी वाचलेले बिट एन्कोडर पुढच्या अवघड फ्रेमसाठी साठवतो. त्यामुळे एका फ्रेमची माहिती आधीच्या फ्रेमच्या जागेत, ५११ बाइटपर्यंत मागे सुरू झालेली असू शकते. तिथे कापलं की पहिल्या एक-दोन फ्रेमचा आवाज जातो. कापायचं ते मूळ सॅम्पलवर, मग एन्कोड करायचं. आणि एमपीथ्री उघडून पुन्हा एमपीथ्री करणं शक्यतो टाळा: दर फेरीत ढोबळपणावर ढोबळपणा चढत जातो.

मराठी नावांबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे याचा त्रास सगळ्यांत जास्त होतो. लेमची शीर्षक देणारी साधी फंक्शनं लॅटिन-१ लिपिसंच धरून चालतात. त्यांना यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या मावणारी अक्षरांची सांकेतिक मांडणी) मधलं ‘पसायदान’ दिलं तर एकेका बाइटचं एकेक लॅटिन अक्षर होतं आणि प्लेअरवर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. यासाठी ‘आयडीथ्रीटॅग_सेट_टेक्स्टइन्फो_यूटीएफ१६’ हे फंक्शन आहे. मजकूर यूटीएफ-१६ मध्ये बदलायचा आणि त्याच्या सुरुवातीला बाइटक्रम सांगणारी खूण ठेवायची. ती नसेल तर फंक्शन ऋण उत्तर देऊन मजकूर नाकारतं. त्या उत्तराकडे लक्ष दिलं नाही तर नाव नुसतं गायब होतं. हे सगळं इनिट पॅरम्सच्या आधी करायचं, कारण शीर्षक, गायक अशी माहिती ठेवणारा टॅग फाइलच्या अगदी सुरुवातीला लिहिला जातो. आणि टॅगची जुनी, पहिली आवृत्ती बंद करा. तिच्यात शीर्षकाला जेमतेम ३० बाइट मिळतात आणि देवनागरीसाठी जागाच नाही. अभंगाचं नाव, गायकाचं नाव नीट मराठीत दिसणं हे आपल्या वापरणाऱ्यांचं साधं देणं आहे; रोमन लिपीत ‘अभंग ०१’ असं लिहून वेळ मारून नेऊ नये.

हे सगळं जुळलं आहे की नाही हे कानांवर सोडू नका, चाचणी लिहा. ठाऊक असलेल्या लांबीचा सॅम्पलसंच एन्कोड करा, पुन्हा उलगडा, उशीर आणि भरणी वजा करा, आणि सॅम्पल मोजा. जेवढे दिले तेवढेच परत यायला हवेत, एकही कमी-जास्त नको. लांब्या निवडताना १,१५१, १,१५२ आणि १,१५३ घ्या, कारण मापटं भरतं आणि सांडतं ते तिथेच. एकाच सॅम्पलची फाइल करून पाहा. शून्य सॅम्पल देऊन पाहा, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू करून लगेच थांबवणारा माणूस. मग डाव्या चॅनलला एक सूर आणि उजव्याला शांतता देऊन बाजू अदलाबदल झाल्या नाहीत ना, आवाजाची पातळी मूळच्या जवळ आहे ना, ते तपासा. आणि शीर्षकात ‘ज्ञानेश्वरी’ घालून फाइल एखाद्या जुन्या प्लेअरवर उघडा.